घोड्याची शिकारीची पहिली सकाळ

मी या महाविद्यालयात बी. ए. करीत होतो, तेव्हा वर्गमित्र मला ‘घोडेवाला’ म्हणत. त्यात थट्टा होती, पण खोटे काही नव्हते. माझ्या मामांचे माथेरानला दोन घोडे होते आणि सुटीच्या दिवसांत दस्तुरी नाक्यावरून बाजारापर्यंत पर्यटकांना नेण्या-आणण्याचे काम मी केले होते. पुढे योगायोगाने आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे परगण्यात, एका तबेल्यात मोतद्दाराची नोकरी मिळाली आणि २०११ व २०१२ असे शिकारीचे दोन हंगाम मी तेथे काढले. “शिकारीच्या घोड्याची तयारी म्हणजे काय हो? खोगीर घालायचे आणि निघायचे!” असे परवा एका प्राध्यापक मित्रांनी म्हटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही शिकार कसली ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे शिकार म्हटली की मचाण आणि बंदूक डोळ्यांपुढे येते. येथे बंदूक नसते. हाउंड जातीच्या कुत्र्यांचा ताफा खोकडाच्या वासावरून धावतो आणि माणसे घोड्यांवरून त्यांच्या मागे जातात. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. इंग्रजीच्या तासाला ‘फॉक्स’चे भाषांतर आपण सर्रास ‘कोल्हा’ करतो, ते चूक आहे. उटकमंडच्या इंग्रजांना मात्र तेथे खोकडाची शिकार साधेना, तेव्हा त्यांनी खरोखरच कोल्ह्यामागे आपली कुत्री सोडली. इंग्लंड व वेल्समध्ये अशी शिकार २००४ च्या कायद्याने बंद झाली व तो कायदा फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. तेथील ताफे तेव्हापासून माणसाने आधी ओढून ठेवलेल्या वासाच्या मागावर धावतात. आयर्लंडमध्ये मी होतो तेव्हा तशी बंदी नव्हती. खोकडाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटतेही. परंतु माझा संबंध होता तो घोड्याशी, आणि घोड्याला खोकड दिसतही नाही. त्याला दिसतात ती चाळीस-पन्नास अनोळखी घोडी, पायांतून वळवळत जाणारी कुत्री, लाल कोटातली माणसे. आणि कानावर येतो तो तुतारीसारख्या लहानशा शिंगाचा आवाज. या साऱ्याचा त्याच्यावर पहिल्या दिवशी जो परिणाम होतो, तो वर्षानुवर्षे टिकतो. घोड्याची स्मरणशक्ती ही फार चिवट वस्तू आहे.

हंगामाची खरी सुरुवात नोव्हेंबरच्या आरंभी होते आणि तो मार्चपर्यंत चालतो. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटेच्या लहान लहान फेऱ्या असतात. त्यांत ताफ्यातल्या कोवळ्या कुत्र्यांना शिकवायचे असते, गर्दी थोडी असते, धावणेही थोडे. नव्या घोड्याला पहिल्यांदा न्यायचे ते याच दिवसांत. नोव्हेंबरच्या थाटामाटाच्या दिवशी त्याला प्रथमच उभे करणे म्हणजे खेड्यातून नुकत्याच आलेल्या मुलाला स्नेहसंमेलनाच्या रात्री एकदम रंगमंचावर ढकलण्यासारखे आहे.

ज्या घोड्याविषयी सांगणार आहे त्याचे नाव बार्नी. पाच वर्षांचा, तांबूस काळसर, खच्ची केलेला. उंची सोळा हँड. एक हँड चार इंचांचा, तेव्हा खांद्यापाशी पाच फूट चार इंच. माझ्या मामांची दोन्ही घोडी त्याच्या काखेखालून गेली असती! उन्हाळाभर तो कुरणात मोकळा चरत होता आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला आत घेतला, तेव्हा त्याचे पोट गाभण म्हशीसारखे दिसत होते.

असा घोडा दमसासाला आणायला आठ-दहा आठवडे लागतात आणि त्यांत घाई चालत नाही. पहिले तीन आठवडे फक्त चालणे, तेही डांबरी रस्त्यावर. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवीत वाढवीत दीड तासापर्यंत. पाहणाऱ्याला हे काम अगदी कंटाळवाणे वाटते. पण छातीचा दम तीन आठवड्यांत येतो, पायांच्या शिरा व सांधे घट्ट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. दम आला म्हणून घोडा पळवला की पाय जातात. त्यानंतर दुडकी चाल, शक्यतो चढावर, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापासून मऊ जमिनीवर थोडी धाव.

खाणे कामाच्या मागोमाग वाढवायचे, कधीही पुढे नाही. ओट हे घोड्याचे फार तापट धान्य आहे. सुटीच्या दिवशी काम नाही आणि खुराक मात्र पूर्ण, असे झाले की दुसऱ्या दिवशी बाहेर काढल्यावर घोड्याच्या मागच्या अंगाचे स्नायू आखडतात, लघवी काळपट तांबडी होते आणि तो जागचा हलू शकत नाही. रविवारच्या विश्रांतीनंतर हे दिसे, म्हणून जुन्या लोकांनी या दुखण्याला सोमवारच्या सकाळचा आजार असे नाव दिले होते. विद्यार्थ्यांनाही सोमवारी सकाळी असाच काहीसा आजार होतो, पण त्याचे कारण ओट नसावे.

आता नाल. मामांकडे नालबंद येई तेव्हा मी पाय धरून उभा राही, म्हणून यातले थोडे कळते असा माझा समज होता. तो तेथे उतरला. शिकारीच्या घोड्याच्या नालेचे लोखंड साधे चपटे नसते. आतल्या बाजूने ते उतरते असते, त्यामुळे चिखलातून पाय उपसताना ओढ कमी लागते. आणि जमिनीला टेकणाऱ्या बाजूस खोल चर असते, त्यामुळे पकड मिळते. पुढच्या नालेची मागची टोके खुराबाहेर येता कामा नयेत, कारण धावताना मागचा पाय त्यांवर पडला तर अख्खी नाल उपटून निघते. मागच्या नालेची पुढची कड गोल करून जरा आत बसवतात, म्हणजे मागचा पाय पुढच्या टाचेवर लागलाच तर निदान चिरत नाही. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाला काढून खूर कापावे लागतात. हे काम शिकारीच्या आदल्या दिवशी कधीही करू नये. एखादा खिळा आतल्या जिवंत भागाच्या जवळ गेला असेल तर ते एक-दोन दिवसांनी कळते. बार्नीचे नाल आम्ही पाच दिवस आधी मारले.

केस कापणे हाही एक विचार करण्याजोगा प्रकार आहे. थंडी लागली की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. तशा अवस्थेत तो धावला तर घामाने चिंब होतो, मग तासन् तास वाळत नाही आणि गारठतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये यंत्राने अंगावरचे केस काढतात. पण चारही पायांवरचे ठेवतात आणि पाठीवर खोगिराच्या आकाराचा एक तुकडा ठेवतात. पायांवरचे केस काटे, चिखल आणि थंडी यांपासून राखतात. पाठीवरचे केस खोगिराचे घर्षण सोसतात. ज्या बिचाऱ्याने हे प्रथम ठरवले त्याने बऱ्याच घोड्यांच्या पाठी सोललेल्या पाहिल्या असणार.

साजाविषयी लिहायला बसलो की मला आपल्या भाषेचा अभिमान वाटू लागतो. खोगीर, तंग, रिकीब, लगाम, खरारा, तोबरा, पागा. पेशव्यांचे घोडदळ गेले तरी शब्द राहिले. ‘खोगीरभरती’ आपण निबंधातल्या पाल्हाळाला म्हणतो, पण खोगिरात खरोखरच काहीतरी भरावे लागते आणि ती भरती एका बाजूस दबली की घोड्याच्या पाठीवर जखम होते. वर्तमानपत्रात दरोडेखोर ‘जेरबंद’ होतात. मूळचा जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर उडवू नये म्हणून तंगापासून पुढच्या पायांच्या मधून वर नेलेला पट्टा. बार्नीच्या अंगावर जेरबंद होता, पण तो सैल. त्याचे काम फक्त मान फारच वर गेली तर लागण्याचे. शिवाय छातीवरून एक पट्टा, कारण दमसासाला आलेल्या घोड्याचे पोट आत जाते आणि चढावर खोगीर मागे सरकते. आणि मानेभोवती एक साधे जुने चामड्याचे कडे. हे सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. घोड्याने अवेळी उडी घेतली तर स्वाराचा तोल मागे जातो आणि तो लगामाला लोंबकळतो. म्हणजे उडीचे बक्षीस म्हणून घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. दोन-तीनदा असे झाले की घोडा भिंतीपुढे थांबायला शिकतो, आणि मग लोक त्याला भित्रा म्हणतात. हात त्या कड्यात अडकवला की तोंड वाचते.

तोंडातल्या लोखंडी कडीविषयी तर प्रत्येक तबेल्यात दोन पक्ष असतात. मधे साधा सांधा असलेली सौम्य कडी, स्नॅफल, ही घोड्याच्या रोजच्या सवयीची. पण शिकारीत घोडा आवरणार नाही या भीतीने लोक त्याच दिवशी एकदम कडक, साखळीची कडी घालतात. माझे मत असे की पहिल्या दिवशी साजातली एकही वस्तू घोड्याला नवी असू नये. सगळे जगच त्याला त्या दिवशी नवे असते. निदान तोंडातली चव तरी ओळखीची असावी.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. आदल्या वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरात, एका तांबड्या घोडीला तिच्या पहिल्या शिकारीला मीच नेले होते. तिची तयारी मी अशी केली होती की पाहणारे थांबून पाहत. अंग आरशासारखे, साज तेलाने मऊ केलेला, आणि आयाळीच्या बारीक वेण्या घालायला मी पहाटे तीनला उठलो होतो. वास्तविक त्या पहाटेच्या फेऱ्यांना वेण्या घालण्याची रीतही नाही. कडी नवी आणि कडक होती. दमही उत्तम होता. फक्त एक गोष्ट मी तिला शिकवली नव्हती, कारण ती शिकवायची असते हेच मला सुचले नव्हते. तिला गर्दीत स्वस्थ उभे राहता येत नव्हते.

दोन दगडी भिंतींच्या मधल्या अरुंद गल्लीत आम्ही थांबलो होतो. तिकडे अशा गल्लीला बोरीन म्हणतात. तेवढ्यात मागून हंट्समन कुत्र्यांना घेऊन आला. अशा वेळी घोड्याचे तोंड कुत्र्यांकडे वळवायचे, म्हणजे मागचे पाय त्यांच्यापासून दूर राहतात, हा अगदी पहिला नियम. मी वळवायला गेलो. ती नव्या कडीमुळे तोंड उडवून अडली, गोल फिरली आणि तिने लाथ झाडली. एक कोवळा हाउंड भिंतीवर आपटला. त्याच्या मांडीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि अजूनही ऐकतो. हंट्समन खाली उतरला, त्याने कुत्रा उचलून कोटात घेतला आणि माझ्याकडे फक्त पाहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. घोड्याने हाउंडला लाथ मारणे हा त्या लोकांत सर्वांत मोठा गुन्हा. मला तेथूनच परत पाठवण्यात आले. कुत्रा जगला, पण पुन्हा ताफ्यात धावला नाही. घोडीच्या शेपटीला लाथाळपणाची खूण म्हणून लाल फीत बांधली गेली, आणि नाताळापूर्वी ती विकली गेली. तिचा काय दोष होता? तबेल्याची मुख्य मोतद्दार बाई, साठीच्या घरातली, मला एवढेच म्हणाली, “तू तिला तीन महिने पळायला शिकवलेस.” मामाही माथेरानला नेमके हेच बोलत असत. “पळायला तो आईच्या पोटातून शिकून येतो रे. तू त्याला उभं राहायला शिकव.” तेव्हा मला वाटे, मामांचे घोडे म्हातारे आहेत म्हणून ते असे म्हणतात.

म्हणून बार्नीच्या वेळी मी दमसासाइतकाच वेळ उभे राहण्यावर घालवला. रोजच्या फेरीत एका ठिकाणी थांबायचे आणि पाच मिनिटे काहीच करायचे नाही. पहिल्या आठवड्यात त्याने पायांनी रस्ता उकरला. दुसऱ्या आठवड्यात तो सुस्कारे टाकू लागला. मग दुसरे दोन घोडे त्याच्या शेजारून दुडक्या चालीने पुढे जायचे आणि त्याने मागे राहायचे. कळपात राहणाऱ्या प्राण्याला याहून अवघड परीक्षा नाही. फाटकाजवळ आडवे उभे राहून मला वाकून कडी काढू द्यायची. शिकारीच्या चाबकाला लांब वादी असते. ती घोड्याला मारण्यासाठी नसून कुत्रे पायांत येऊ नयेत म्हणून बाजूला सोडून ठेवण्यासाठी असते. ती वादी पायांना लागली तरी त्याने दचकू नये, म्हणून मी ती तबेल्यात रोज त्याच्या चारही पायांवरून फिरवीत असे. मुख्य बाईंचा मेंढ्या राखणारा कुत्रा खाणे घेताना त्याच्या पायांखालून ये-जा करी, त्याची त्याला सवय झाली. उन्हाळ्यात ताफ्यातली कुत्री व्यायामासाठी सायकलवाल्या माणसांबरोबर रस्त्यावर काढतात. त्यांची वेळ विचारून आम्ही बार्नीला एका शेताच्या तोंडाशी उभा करीत असू. चाळीस कुत्री त्याच्या नाकापुढून गेली. तिसऱ्या खेपेस त्याने मान खाली घालून गवत खाल्ले. त्या दिवशी मी मामांना पत्र लिहिले.

पहिली सकाळ उजाडली ती ऑक्टोबरातल्या एका शनिवारी. पहाटे चारला थोडेसे खाणे दिले. भरल्या पोटी घोड्याला धावताना श्वास पुरत नाही. तंगाची आणि रिकिबीच्या वाद्यांची शिवण मी नखाने ओढून पाहिली, कारण शिवण तुटते ती नेमकी उडीच्या वेळी. रिकिबीची वादी ज्या खुंटीवर असते तिची कडी उघडी ठेवली, म्हणजे स्वार पडला तर वादी सुटून येते आणि तो फरफटत जात नाही. शेपटीला हिरवी फीत बांधली. ‘घोडा नवखा आहे, जरा सांभाळून’ असा तिचा अर्थ. वेण्या घातल्या नाहीत. आणि सोबतीला सतरा वर्षांची एक पांढरी घोडी घेतली, जिने इतक्या शिकारी पाहिल्या होत्या की शिंग वाजले तरी ती कान हलवीत नसे. मुख्य बाई तिच्यावर होत्या. नवख्या घोड्याला स्वाराच्या शब्दापेक्षा शेजारच्या घोड्याच्या स्वस्थपणाचा धीर अधिक वाटतो.

अर्धा तास आधीच पोहोचून आम्ही गर्दीच्या कडेकडेने चाललो. पहिल्यांदा शिंग वाजले तेव्हा बार्नीच्या खोगिराखालून थरथर गेली. त्याचे हृदय माझ्या पोटऱ्यांना लागत होते. मी लगाम आवळला नाही, हात मानेच्या कड्यात ठेवला. त्याने पांढरीकडे पाहिले. ती जांभई देत होती.

पुढचे दोन तास आम्ही सर्वांच्या मागे राहिलो. गॉलवेच्या भिंती चुन्यावाचून नुसत्या रचलेल्या दगडांच्या असतात. घोड्याचा खूर लागला तर वरचे दगड पडतात आणि लोक गेल्यावर कोणीतरी ते पुन्हा रचावे लागतात, नाहीतर शेतकऱ्याची मेंढरे बाहेर पडतात आणि पुढल्या वर्षी तो शेतातून जाऊ देत नाही. बार्नीने एकच भिंत ओलांडली, दगड पडून आधीच खाली बसलेली, दोन-अडीच फुटांची, पांढरीच्या पाठोपाठ. नंतर एका बोरीनमध्ये आम्ही उभे होतो आणि मागून कुत्री आली. तीच गल्ली नव्हे, पण तशीच. मी त्याचे तोंड वळवले, तो वळला. कुत्री त्याच्या पुढच्या पायांतून गेली. एकाने त्याच्या गुडघ्याला अंग घासले. हंट्समन तोच होता. जाताना त्याने हिरव्या फितीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि टोपीला हात लावला.

तेथेच मी बाईंना म्हटले, “आता परत जाऊ या.” समोर टेकडीवर कुत्री भुंकू लागली होती, लोक भरधाव निघाले होते, आणि बार्नी ताजातवाना होता. परत फिरायची वेळ हीच. घोडा दमून, चिडून घरी आला तर त्याला शिकार म्हणजे चीड असेच लक्षात राहते. बाईंनी काही न बोलता पांढरीला वळवले.

शेवटचा मैल तंग दोन भोके सैल करून आम्ही चालत आणला, म्हणजे तो कोरड्या अंगाने तबेल्यात आला. त्याला थोडे कोमट पाणी दिले, अंगावर झूल टाकली. मग बसून चारही पाय बोटांनी चाचपले. हे काम डोळ्यांनी होत नाही. तिकडच्या कुंपणांत काळ्या काटेरी झुडुपाचे काटे असतात. त्यातला एक सांध्याजवळ मोडून राहिला आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आला नाही तर सांधा पिकतो व घोडा कायमचा लंगडतो. पायांवरचा चिखल धुतला नाही. तो वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी खराऱ्याने काढायचा, कारण ओले पाय राहिले की कातडीला भेगा पडतात. डाव्या मागच्या पायात, टाचेच्या वर, एक काटा लागला. तो चिमट्याने ओढून काढला, आयोडीन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंगणात दुडक्या चालीने पळवून पाहिला. चारही पाय सारखे पडत होते. मी त्याला पुन्हा आत नेऊन तोबरा लावला.